व्हॉल्व्ह गिटार अ‍ॅम्प्लिफायरचा जीर्णोद्धार

व्हॉल्व्ह गिटार अ‍ॅम्प्लिफायरचा जीर्णोद्धार म्हणजे निर्वात नलिकांवर चालणारा विद्युत गिटारचा जुना ध्वनिविवर्धक तपासून, त्यातील निकामी किंवा धोकादायक झालेले भाग बदलून आणि शक्य तितके मूळ भाग जपून तो पुन्हा वाजता करण्याचे काम होय. निर्वात नलिकेला भारतात व ब्रिटनमध्ये ‘व्हॉल्व्ह’, तर अमेरिकेत ‘ट्यूब’ म्हणतात. या कामात दोन उद्दिष्टे एकमेकांशी झगडतात. ४०० व्होल्टपेक्षा अधिक विद्युत दाबावर चालणारे उपकरण वादकासाठी सुरक्षित झाले पाहिजे आणि त्याच वेळी त्याचा मूळ आवाज व ऐतिहासिक पुरावा नष्ट होता कामा नये. कोणता भाग बदलायचा आणि कोणता तसाच ठेवायचा, हा निर्णय त्यामुळे या कामाचा गाभा ठरतो.

प्रस्तुत लेखात उदाहरणादाखल अमेरिकेतील फेंडर कंपनीचा ‘डिलक्स रिव्हर्ब’ हा अ‍ॅम्प्लिफायर घेतला आहे. यातील बहुतेक तत्त्वे त्या काळातील इतर अ‍ॅम्प्लिफायरनाही लागू पडतात.

पार्श्वभूमी

विद्युत गिटारच्या तारांखालील चुंबकीय पिकअपमधून मिळणारा संदेश अतिशय क्षीण असतो. तो स्पीकर हलवण्याइतका बलवान करण्यासाठी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात निर्वात नलिका हेच व्यवहार्य साधन होते. ली डी फॉरेस्ट यांनी १९०६ मध्ये तयार केलेल्या ‘ऑडिऑन’पासून विवर्धन करणाऱ्या नलिकांचा विकास झाला. १९३६ मध्ये आलेली ६एल६ आणि दुसऱ्या महायुद्धानंतर आलेली १२एएक्स७ या नलिका पुढे गिटार अ‍ॅम्प्लिफायरच्या जणू कणा बनल्या. १२एएक्स७ युरोपीय पद्धतीत ईसीसी८३ या नावाने ओळखली जाते.

कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथे लिओ फेंडर यांच्या कारखान्यात १९४० च्या दशकापासून अ‍ॅम्प्लिफायर तयार होत होते. ब्रिटनमध्ये व्हॉक्स कंपनीचा एसी३० आणि लंडनमध्ये १९६० च्या दशकाच्या आरंभी तयार झालेला मार्शल कंपनीचा जेटीएम४५ हे विशेष गाजले. यांपैकी जेटीएम४५ ची रचना फेंडरच्या ‘बासमन’ या अ‍ॅम्प्लिफायरवर आधारलेली होती. १९६५ मध्ये फेंडर कंपनी सीबीएस या प्रसारण कंपनीने विकत घेतली. त्यानंतरच्या काही वर्षांत दर्शनी पट्टीचा रंग काळ्याऐवजी चंदेरी झाला आणि काही विद्युत मंडलांतही बदल झाले. संग्राहकांमध्ये ‘काळ्या पट्टीचे’ व ‘चंदेरी पट्टीचे’ असा जो भेद केला जातो, त्याचे मूळ येथे आहे.

पुढे ट्रान्झिस्टरमुळे रेडिओ व दूरचित्रवाणी संचांतून व्हॉल्व्ह हद्दपार झाले. गिटारवादकांनी मात्र ते सोडले नाहीत. व्हॉल्व्हवर त्याच्या क्षमतेपेक्षा अधिक भार पडला की ध्वनीत हळूहळू वाढत जाणारे विरूपण निर्माण होते. संगीतात ते दोष न मानता गिटारच्या स्वराचा भाग मानले गेले.

रचना व कार्य

डिलक्स रिव्हर्ब १९६३ मध्ये बाजारात आला. त्याची शक्ती सुमारे २२ वॅट असून त्यात १२ इंचांचा एक स्पीकर असतो. काळ्या पट्टीच्या नमुन्यात एकूण नऊ व्हॉल्व्ह असतात: चार १२एएक्स७, दोन १२एटी७, दोन ६व्ही६ आणि एक जीझेड३४.

व्हॉल्व्हमध्ये तापलेल्या कॅथोडमधून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात व उच्च धन दाब असलेल्या प्लेटकडे ओढले जातात. दोहोंच्या मध्ये तारेची नियंत्रक जाळी असते. जाळीवरील दाबात थोडासा बदल झाला की प्लेटच्या प्रवाहात मोठा बदल होतो. हेच विवर्धन. गिटारचा संदेश प्रथम १२एएक्स७ मध्ये वाढतो, नंतर स्वरनियंत्रक मंडलातून जातो आणि शेवटी ६व्ही६ च्या जोडीकडे पोहोचतो. ही जोडी आलटून पालटून काम करते. तिचा उच्च दाबाचा, अल्प प्रवाहाचा संदेश आउटपुट ट्रान्सफॉर्मरमधून ८ ओहमच्या स्पीकरला साजेसा होतो.

या सर्वांना वीज पुरवणारा विभाग वेगळा असतो. पॉवर ट्रान्सफॉर्मर घरगुती विजेचा दाब वाढवतो, जीझेड३४ हा व्हॉल्व्ह त्याचे एकदिश प्रवाहात रूपांतर करतो आणि विद्युतविच्छेद्य अर्थात इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर त्यातील चढउतार गाळून काढतात. अ‍ॅम्प्लिफायर म्हातारा होतो तो बहुधा येथूनच.

कालनिश्चिती व पूर्वस्थितीची नोंद

काम सुरू करण्यापूर्वी उपकरणाचे वय व त्यात आधी झालेले बदल निश्चित करतात. फेंडरच्या त्या काळातील अनेक अ‍ॅम्प्लिफायरमध्ये खोक्याच्या आत व्हॉल्व्हची मांडणी दाखवणारा कागद चिकटवलेला असतो. त्यावर रोमन लिपीतील दोन अक्षरांचा शिक्का आढळतो. पहिले अक्षर वर्ष दर्शवते (पहिले मूळाक्षर म्हणजे १९५१), तर दुसरे अक्षर महिना दर्शवते. त्यानुसार ‘एनबी’ म्हणजे फेब्रुवारी १९६४.

सुट्या भागांवरही उत्पादकाचा सांकेतिक क्रमांक व आठवडा छापलेला असतो. ट्रान्सफॉर्मरवरील ६०६-४-३२ या क्रमांकातील ६०६ हा शुमाकर या उत्पादकाचा संकेत, ४ म्हणजे १९६४ आणि ३२ म्हणजे त्या वर्षातील बत्तिसावा आठवडा. नियंत्रकांवरील १३७ किंवा ३०४ आणि स्पीकरवरील २२० (जेन्सन) किंवा ४६५ (ऑक्सफर्ड) हे आकडे असेच वाचतात. उपकरण सर्वांत अलीकडच्या मूळ भागापेक्षा जुने असू शकत नाही. एखादाच भाग दहा वर्षांनी नवा असेल, तर तो नंतर बदललेला आहे असे समजते.

कोणतीही तार काढण्यापूर्वी आतील मांडणीची सर्व बाजूंनी छायाचित्रे घेतात. जुने डाख, तारांचे वळण आणि भागांची जागा हीदेखील माहितीच असते व एकदा हलवल्यावर ती परत मिळत नाही.

सुरक्षितता

वीजजोडणी काढल्यानंतरही गाळणीचे कपॅसिटर भारित राहू शकतात. डिलक्स रिव्हर्बमध्ये १६ मायक्रोफॅरडचे पहिले दोन कपॅसिटर समांतर जोडलेले असतात. ४२० व्होल्टवर त्या ३२ मायक्रोफॅरडमध्ये सुमारे २.८ जूल ऊर्जा साठते. असा धक्का छातीतून गेल्यास जीवघेणा ठरू शकतो. म्हणून काही किलोओहमच्या, पुरेशा वॅटच्या रेझिस्टरमधून हा भार सावकाश काढून टाकतात व मापकाने दाब शून्याजवळ आल्याची खात्री करतात. पेचकसाने थेट जोडून ठिणगी पाडण्याची पद्धत कपॅसिटरला व हाताला दोहोंना घातक आहे. जिवंत मंडलात मोजमाप करताना एक हात मंडलापासून दूर ठेवण्याचा प्रघात याच कारणासाठी आहे.

दुसरा धोका अ‍ॅम्प्लिफायर वाजवणाऱ्याला असतो. १९६० च्या दशकातील अमेरिकी अ‍ॅम्प्लिफायरना बहुधा दोन तारांची वायर असे. धातूच्या सांगाड्याला भूयोजन म्हणजे अर्थिंग नसे. त्याऐवजी गुणगुण कमी करण्यासाठी विजेच्या एका तारेतून सांगाड्याकडे सुमारे ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडलेला असे. तो धड असताना १२० व्होल्ट, ६० हर्ट्झवर त्यातून सुमारे २ मिलिअँपिअर प्रवाह वाहतो, म्हणजे बोटांना झिणझिण्या येण्याइतका. तो आतून जुळून गेला, तर संपूर्ण सांगाडा, गिटारची वायर आणि गिटारच्या तारा विजेच्या थेट संपर्कात येतात. वादकाचे ओठ भूयोजित मायक्रोफोनला लागले की मंडल त्याच्या शरीरातून पूर्ण होते. दुरुस्ती करणारे या भागाला ‘मृत्यूचा कपॅसिटर’ म्हणतात.

म्हणून मूळ भाग जपण्याचा कितीही आग्रह असला, तरी येथे तडजोड करीत नाहीत. हा कपॅसिटर काढून टाकतात, तीन तारांची वायर बसवून तिची अर्थिंगची तार सांगाड्याला स्वतंत्र व घट्ट जोडतात आणि फ्यूज व मुख्य बटण फेजच्या तारेत आणतात. अमेरिकी पद्धतीत काळी तार फेजची व पांढरी न्यूट्रलची असते, तर भारतातील जुन्या पद्धतीत लाल तार फेजची व काळी न्यूट्रलची असते. या फरकाकडे दुर्लक्ष झाल्यास फ्यूज चुकीच्या तारेत बसतो.

काही जुन्या खोक्यांच्या मागील फळीवर उष्णतारोधक म्हणून अ‍ॅस्बेस्टॉसचा थर असतो. तो खरवडणे किंवा घासणे टाळतात. जुन्या डाखकामातील मिश्रधातूत शिसे असल्याने कामानंतर हात धुणे आवश्यक असते.

प्रथम वीज देणे

अनेक वर्षे बंद असलेला अ‍ॅम्प्लिफायर थेट विजेला जोडणे ही सर्वांत महागात पडणारी चूक होय. प्रथम सर्व व्हॉल्व्ह काढून पॉवर ट्रान्सफॉर्मर एकटाच तपासतात. उपकरण एका साध्या तापदीपाच्या मालिकेत जोडतात. भारतातील विजेच्या कारागिरांकडे असणारा ‘सिरीज बोर्ड’ हाच होय. आत कोठे लघुमंडल असेल, तर दिवा पूर्ण तेजाने पेटतो व प्रवाह मर्यादित राहतो. सारे ठीक असेल, तर तो क्षणभर उजळून मंद होतो.

दाब हळूहळू वाढवणारे ‘व्हेरिअ‍ॅक’ हे साधनही वापरतात. जीझेड३४ सारखा एकदिशकारक व्हॉल्व्ह मात्र त्याचा तंतू पुरेसा तापेपर्यंत प्रवाह जाऊ देत नाही. त्यामुळे व्हेरिअ‍ॅकने दाब सावकाश वाढवला, तरी कपॅसिटरवर दाब उशिरा व एकदम येतो. हे टाळण्यासाठी तपासणीपुरता त्या जागी अर्धवाहक डायोड वापरतात. स्पीकर किंवा तितक्याच ओहमचा भार जोडल्याशिवाय अ‍ॅम्प्लिफायरमधून संदेश पाठवत नाहीत. अन्यथा आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये अतिउच्च दाब निर्माण होऊन त्याचे आतील निरोधन फुटू शकते.

भागांची दुरुस्ती

कपॅसिटर: इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमधील विद्राव वाळत जातो व अ‍ॅल्युमिनियमवरील ऑक्साइडचा थर क्षीण होतो. परिणामी गुणगुण वाढते, आवाज पोचट होतो किंवा कपॅसिटर फुटतो. साठ वर्षांचे हे भाग चालत असले, तरी भरवशाचे नसतात. म्हणून ते बदलणे सर्वमान्य आहे. ऋण बायस दाब पुरवणारा २५ मायक्रोफॅरडचा छोटा कपॅसिटर विशेष महत्त्वाचा आहे. तो निकामी झाल्यास ६व्ही६ चा प्रवाह अनियंत्रित होतो, प्लेट लालभडक तापते आणि व्हॉल्व्हबरोबर ट्रान्सफॉर्मरही जळू शकतो. या कपॅसिटरची धन बाजू सांगाड्याकडे असते. सवयीने तो उलटा बसवणे ही नेहमी घडणारी चूक आहे.

संदेश एका टप्प्याकडून दुसऱ्याकडे नेणारे फिल्म कपॅसिटर मात्र बहुधा टिकाऊ असतात. त्यांतून एकदिश दाब गळत नसल्याचे मोजून ठरवतात आणि निर्दोष असल्यास हात लावत नाहीत. सर्व कपॅसिटर सरसकट बदलणे ही जुनी सवय आज चुकीची मानतात.

रेझिस्टर: त्या काळातील कार्बन मिश्रणाचे रेझिस्टर दमटपणा व उष्णतेमुळे मूल्यात वाढतात आणि काही चरचर आवाज करू लागतात. मर्यादेबाहेर गेलेले किंवा आवाज करणारेच रेझिस्टर बदलतात. हे भाग ज्या तंतुमय काळ्या फळीवर बसवलेले असतात, ती फळीही दमटपणामुळे किंचित विद्युतवाहक होऊ शकते. कोरड्या, मंद उष्ण हवेने तिच्यातील ओल काढतात.

व्हॉल्व्ह व बायस: अमेरिका व पश्चिम युरोपातील व्हॉल्व्हचे मोठे उत्पादन थांबले असून आज ते मुख्यतः स्लोव्हाकिया, रशिया व चीनमध्ये तयार होतात. जुने, न वापरलेले व्हॉल्व्ह महाग असतात व त्यांच्या बनावट प्रतीही आढळतात. मूळ व्हॉल्व्ह चालत असतील, तर ते बदलण्याचे कारण नसते. व्हॉल्व्हच्या खोबणीतील गंजलेले संपर्क साफ केल्यावर अनेक ‘बिघाड’ नाहीसे होतात.

डिलक्स रिव्हर्बमध्ये ६व्ही६ च्या नियंत्रक जाळीवर सुमारे उणे ३५ व्होल्टचा बायस असतो. नवे व्हॉल्व्ह बसवल्यावर तो पुन्हा जुळवावा लागतो. प्लेटवर ४१० व्होल्ट आणि एका व्हॉल्व्हचा प्रवाह २० मिलिअँपिअर असल्यास त्यात ८.२ वॅट उष्णता निर्माण होते. ६व्ही६ ची जुनी १२ वॅटची मर्यादा धरल्यास हे प्रमाण सुमारे ६८ टक्के होते. साधारण ७० टक्क्यांपर्यंतचे प्रमाण सुरक्षित मानले जाते.

रिव्हर्ब व कंपन: प्रतिध्वनीसाठी धातूच्या पेटीत टांगलेल्या स्प्रिंगमधून संदेश पाठवलेला असतो. येथे तुटलेली बारीक तार किंवा सैल जोडणी हा नेहमीचा दोष होय. आवाजात लयबद्ध चढउतार करणाऱ्या विभागात निऑन दिवा व प्रकाशसंवेदी रेझिस्टर एका काळ्या नळीत बंद केलेले असतात. दिवा मंदावला की परिणाम नाहीसा होतो. तेवढी नळी बदलून भागते.

ट्रान्सफॉर्मर व स्पीकर: अ‍ॅम्प्लिफायरच्या स्वरावर व मूल्यावर सर्वाधिक परिणाम करणारे हेच भाग होत. जळलेला आउटपुट ट्रान्सफॉर्मर फेकून न देता त्याच गाभ्यावर नवे वेटोळे गुंडाळता येते. स्पीकरचा फाटलेला कागदी शंकू पातळ कागद व लवचीक गोंदाने सांधता येतो. संपूर्ण शंकू बदलला, तर चौकट व चुंबक मूळ राहतात, पण ऐकू येणारा भाग नवा असतो. म्हणून हा उपाय शेवटचा.

खोके व बाह्यरूप

खोके पाइनच्या लाकडाचे असून त्यावर काळे व्हिनाइलचे आवरण असते. सुटलेल्या कडा पुन्हा चिकटवतात. आवरण सौम्य साबणाच्या पाण्याने, जवळजवळ कोरड्या फडक्याने पुसतात. दर्शनी पट्टीवरील छापील अक्षरे तीव्र द्रावकाने पुसली जातात, त्यामुळे तेथे ते वापरत नाहीत. सिगारेटचा डाग किंवा जुन्या वाद्यवृंदाने रंगवलेले नाव हे दोष की इतिहास, याचा निर्णय साफ करण्यापूर्वी घ्यावा लागतो.

भारतातील वापर

भारतात घरगुती वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ असते. अमेरिकी बाजारासाठीचे जुने अ‍ॅम्प्लिफायर ११७ व्होल्ट, ६० हर्ट्झसाठी बनवलेले होते. केवळ दाब उतरवणारा ट्रान्सफॉर्मर जोडल्याने प्रश्न पूर्ण सुटत नाही. वारंवारता कमी झाल्याने मूळ ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यातील चुंबकीय प्रवाह वाढतो व तो अधिक तापतो. चुंबकीय प्रवाह पूर्वीइतका ठेवायचा तर सुमारे ९८ व्होल्टच द्यावे लागतील. पण मग व्हॉल्व्हच्या तंतूंना ६.३ ऐवजी सुमारे ५.३ व्होल्ट मिळतील व ते नीट तापणार नाहीत. नियमित वापरासाठी २३० व्होल्ट, ५० हर्ट्झचा वेगळा पॉवर ट्रान्सफॉर्मर बसवणे व मूळ ट्रान्सफॉर्मर जपून ठेवणे हा अधिक योग्य मार्ग ठरतो.

मूळपणा की उपयोग

या क्षेत्रातील प्रमुख मतभेद मूळपणाविषयी आहे. एका मतानुसार अ‍ॅम्प्लिफायर हे वाद्य आहे. ते वाजत नसेल तर त्याचा अर्थच हरवतो, म्हणून आवश्यक ते सर्व बदलावे. दुसऱ्या मतानुसार बदललेला प्रत्येक भाग त्या काळातील निर्मितीचा एक साक्षीदार कमी करतो. चंदेरी पट्टीच्या अनेक अ‍ॅम्प्लिफायरची मंडले आधीच्या काळ्या पट्टीच्या आराखड्याप्रमाणे बदलण्यात आली. त्यामुळे सीबीएसच्या काळातील मूळ अवस्थेतील उपकरणे कमी होत गेली आणि त्यांचे वेगळेपण लोकांच्या उशिरा ध्यानात आले.

असाच पेच वास्तुसंवर्धनातही येतो. १९६४ च्या व्हेनिस सनदेने जुन्या वास्तूत घातलेला नवा भाग एकूण रचनेशी सुसंगत असावा, पण मूळ भागापासून वेगळा ओळखू यावा, असे तत्त्व मांडले. अ‍ॅम्प्लिफायरच्या बाबतीत ते पुढील प्रकारे पाळता येते: नवे छिद्र पाडू नये, केलेला बदल उलटवता यावा, जुन्या कपॅसिटरच्या आवरणात नवा भाग लपवल्यास तसे लिहून ठेवावे, काढलेले सर्व भाग पिशवीत घालून उपकरणासोबत द्यावेत आणि केलेल्या कामाची तारीखवार नोंद खोक्यात ठेवावी. विद्युत सुरक्षेसाठी आवश्यक बदल या नियमांना अपवाद नसून त्यांची पहिली अट आहे. कारण वाजवणाऱ्याला इजा करणारे वाद्य कोणी वाजवत नाही, आणि न वाजणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज कोणत्याही नोंदीत जपता येत नाही.

हे सुद्धा पहा

निर्वात नलिका
विद्युत गिटार
लिओ फेंडर
रोहित्र